इंग्लंडातले 'हिल फोर्ट': किल्ला बघायला गेलो, निघालं कुरण! (सल्ला हवाय)

ठाणे_टू_टेम्स
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज वैतागून पहिला धागा काढतेय.

आम्ही रेडिंगला राहतो. सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. लंडन झालं, विंडसर झालं, बाथ झालं. मग बाबा म्हणाले राजवाडे पुरे, आता एखादा किल्ला दाखवा. बाबा जुने गडवाले, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत दर पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड करायचे. नवऱ्याने मॅपवर शोधून काढलं 'बार्बरी कॅसल', स्विंडनजवळ. नावातच कॅसल म्हटल्यावर मी पण खूश. शनिवारी पराठे बांधले, गाडीत पाच जण कोंबले आणि निघालो. पार्किंगपासून थोडं चाललो आणि... गवत. दोन गोल बांध, मधे खंदकासारखं काहीतरी, आत मोकळं मैदान. संपलं. मुलगा (वय ७) विचारतोय कॅसल कुठेय, बाबा विचारतायत दरवाजा कुठेय, आई विचारतायत परत कधी जायचं. तिघांपैकी एकालाही नवऱ्याकडे उत्तर नव्हतं.

वारा भन्नाट होता, देखावा पण छान होता, ते नाकारत नाही. पण याला किल्ला का म्हणतात? आणि खरंच बघण्यासारखे असे कुठले आहेत, जिथे बाबांचे गुडघे आणि पोराचा पेशन्स दोन्ही टिकतील? शक्यतो रेडिंगहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं सांगा.

वडापाव_इन_वेल्स
नवरा बदलून मिळतो का तेही विचारून घ्या. (हलकेच घ्या)

खंदकराव
डॉर्सेटमध्ये १४ वर्षं काढलीत आणि ह्या गवताच्या ढिगांवर माझं प्रेम आहे त्यामुळे जरा मोठा प्रतिसाद.

मुळात नावाचा घोळ आहे. हे गड लोहयुगातले, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. ८०० पासून ते इ.स. ४३ ला रोमन आले तोपर्यंतचे. तुमच्या मुलाच्या डोक्यातला दगडी कॅसल नॉर्मन लोकांनी आणला, तो त्यानंतर हजार वर्षांनी. तेव्हा इथे दगडी बुरूज शोधायचेच नाहीत. पद्धत साधी, टेकडीच्या माथ्याभोवती खंदक खणायचा, निघालेला माल आतल्या बाजूला रचायचा, वर लाकडाचं कुंपण ठोकायचं. दक्षिणेकडच्या ह्या टेकड्या म्हणजे अख्खा खडू आहे, शाळेतला फळ्यावरचा खडू. आज जो हिरवा गुळगुळीत बांध दिसतो तो नवा असताना पांढराफेक असणार, लांबून डोळ्यात भरेल असा. दोन हजार वर्षं पाऊस पडला, बांध खाली उतरला, खंदक अर्धा भरला, वर गवत आलं. आपण बघतो ते त्याचं म्हातारपण.

एकच बघायचा असेल तर डॉर्चेस्टरचा मेडन कॅसल बघा. ४७ एकर. एकामागे एक बांध आणि खंदक, आजही काही ठिकाणी सहा मीटर उंच. पश्चिमेकडून आत शिरा. वाट सरळ जातच नाही, डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते, दोन्ही बाजूंना बांध आणि वरून कोणीतरी बघतंय अशी भावना. बाबांना सांगा, रायगडाचा महादरवाजा आठवा, समोर जाईपर्यंत दिसत नाही आणि दिसला की तुम्ही दोन बुरुजांच्या कवेत सापडलेले असता. डोकं तेच, फक्त दगडाऐवजी माती.

आणि मुलासाठी: तिथे उत्खननात समुद्रावरून आणलेल्या गोल गोट्यांचे साठे सापडले, २०,००० हून जास्त गोटे. कशासाठी? गोफणीसाठी!

सह्याद्रीचा_नातू
खंदकराव, प्रेम समजू शकतो पण किल्ला तो किल्ला. कडा नाही, माची नाही, टाकं नाही. अख्ख्या इंग्लंडातलं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, आपला सिंहगड १३१२. विषय संपला. भजी खाऊन खाली उतरा.

पेनिनपुत्र
@सह्याद्रीचा_नातू, समुद्रसपाटीपासून मोजायचं म्हटलं तर मग पुण्यातला माणूस घरात चादर ओढून झोपलेला असतानाच आमच्या माम टॉर ह्या डोंगरी गडापेक्षा उंच असतो. पुणं ५६०, माम टॉर ५१७. ह्यात पुणेकराचं कर्तृत्व किती? (पुणेकर म्हणतील पूर्ण.)

सह्याद्रीचा_नातू
हा हा, हे मान्य. पण पाण्याच्या टाक्याचं उत्तर द्या. पाणी नाही तर गड लढवणार कसा?

खंदकराव
चांगला प्रश्न, आणि इथले पुरातत्त्ववाले ह्यावर अजून भांडतात. खडूत पाणी मुरतं, त्यामुळे यातल्या बऱ्याच गडांवर पाण्याची सोय दिसत नाही. म्हणूनच हे महिनोन् महिने वेढा झेलायला बांधलेले नसावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. शेजारच्या टोळीने गुरं पळवायला धाड घातली तर दोन दिवस तग धरायची, धान्य साठवायचं, सण-बाजार भरवायचा, आणि आपण किती मोठे आहोत ते खालच्या लोकांना दाखवायचं. काही ठिकाणी लोक कायमचे राहायचे, काही ठिकाणी जेमतेम. सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

पेनिनपुत्र
आता माम टॉरबद्दल. रेडिंगहून लांब पडेल पण एक रात्र मुक्काम काढलात तर सोनं होईल. शेफील्ड-मँचेस्टर लाइनवर होप नावाचं स्टेशन आहे, नाव वाचूनच अर्धा थकवा जातो. माथ्याजवळच्या पार्किंगपासून वरपर्यंत फरशीच्या पायऱ्या आहेत, बाबांना जमेल, हळूहळू. वर कांस्ययुगाच्या शेवटापासूनची वस्ती आणि मग तटबंदी, आणि तिथून लूज हिलपर्यंत धार जाते, दोन्हीकडे दरी. पाठीवरून चालत गेल्यासारखं वाटतं.

पण मुलाला आवडेल ती गोष्ट खाली आहे. डोंगराची पूर्वेची बाजू सतत खचते, म्हणून त्याला 'थरथरता डोंगर' म्हणतात. त्या घसरणीवरून १८१९ साली रस्ता काढला. डोंगर खचायचा, हे डांबर टाकायचे, पुन्हा खचायचा, पुन्हा डांबर. शेवटी १९७९ साली हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. आज त्यावरून चालत जाता येतं. मधली पांढरी रेघ तशीच आहे आणि एकदम रस्ता तुटून माणसाएवढा खाली बसलाय, कापलेल्या कडेला डांबराचे थर दिसतात, बाकरवडीसारखे. माझ्या मुलीने थर मोजायला सुरुवात केली आणि अर्धा तास हलली नाही.

वडापाव_इन_वेल्स
डांबरावर डांबर ही टेक्नॉलॉजी आपल्याकडून गेली की त्यांच्याकडून आली?

चिखलदऱ्याची_सून
सल्ला एकच, बूट. मी पहिल्या वर्षी कॅनव्हासचे बूट घालून हॉड हिलला गेले होते फेब्रुवारीत. खडूचा चिखल हा वेगळाच प्रकार असतो, ओल्या साबणावरून चालल्यासारखं. वर गेले दोन पायांवर, खाली आले बसून. नव्या जीन्सची मागची बाजू गेली ती गेलीच.

दुसरं, गायी. हसू नका. आपण गावाकडचे, आपल्याला वाटतं गाय म्हणजे गोमाता, हात लावून नमस्कार करू. इथल्या कुरणातल्या गायी वासरं बरोबर असतील तर अंगावर येतात, दर थोड्या दिवसांनी बातमी असते. गाय आणि वासरू यांच्यामधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा आणि कुत्रा बरोबर असेल आणि गाय धावून आली तर कुत्र्याला सोडून द्यायचं, तो पळतो, आपण नाही पळू शकत. आणि उन्हाळ्यात उंच गवतातून आलात की पोराच्या गुडघ्यामागे आणि मानेपाशी गोचीड बघा.

ठाणे_टू_टेम्स
बापरे, मी सल्ला मागितला की धमकी :) बाबांना गायींचं वाचून दाखवलं, ते म्हणाले आमच्या गल्लीतल्या बैलासमोर ह्या काय.

सीगल_मराठी
ब्रायटनवाले कोणी नाहीत का? मग मी लिहितो.

आमच्याकडे साउथ डाउन्सवर एकाला दहा गड आहेत. सिसबरी रिंग प्रचंड मोठा आणि त्याच्याही आधीच्या गारगोटीच्या खाणी त्यातच. चँक्टनबरी रिंगवर १७६० साली कोणा हौशी मुलाने गडाच्या गोल रिंगणात बीचची झाडं लावली, ती डोक्यावरच्या टोपीसारखी लांबून दिसायची, १९८७ च्या वादळात बरीच पडली. लोक म्हणतात त्या झाडांभोवती सात फेऱ्या मारल्या की सैतान येऊन सूपचा वाडगा पुढे करतो. मी पाच मारल्या, मग बायकोने थर्मास काढला.

पण मला सांगायचंय ते वेगळं. हॉलिंगबरीचा गड गोल्फ कोर्सला लागून आहे, तो बघा आणि मग पॅचमच्या वरच्या टेकडीवर छत्रीला जा. हो, नावच 'छत्री'. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिक ब्रायटनच्या हॉस्पिटलांत आणले होते, राजाच्या रॉयल पॅव्हिलियनमध्येच खाटा टाकल्या होत्या, धर्म-जातीप्रमाणे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं. त्यातले ५३ हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांना ह्या टेकडीवर अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली. त्याच जागी ही संगमरवरी छत्री, १९२१ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं. आराखडा केला होता मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण आर्किटेक्टने. गाडी जात नाही, शेतातून चालतच जावं लागतं, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात आणि मधे हा पांढरा घुमट. बाजूच्या भिंतीवर नावं कोरली आहेत. मी दरवेळी सगळी वाचतो, मोठ्याने.

ब्लॅकबेरी_जॅम
सीगल, छान लिहिलंत. दहा वर्षं वर्दिंगला राहून हे माहीत नव्हतं, रविवारी जाणार.

मातीची_परीक्षा
धाग्यावर जरा उशिरा आले. मी डेक्कन कॉलेजची, त्यामुळे राहवत नाही.

मेडन कॅसल १९३४ ते ३७ मध्ये खणला मॉर्टिमर व्हीलरने, बरोबर त्याची बायको टेसा, ती १९३६ साली काम चालू असतानाच वारली. हाच व्हीलर पुढे १९४४ ते ४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होता. चौकोन आखून, मधे बांध सोडून खणायची जी पद्धत आम्हाला शिकवली ती त्याने आपल्याकडे रुजवली. आणि ह. धी. सांकलिया लंडनला पीएचडी करत होते तेव्हा मेडन कॅसलवर त्याच्या हाताखाली काम करून आले होते. मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज, पुढे जोर्वे, नेवासे, इनामगावची उत्खननं. म्हणजे नेवाशाच्या खड्ड्यांचा एक धागा डॉर्सेटच्या गवतात आहे. ठाणेताई, तुम्ही ज्याला कुरण म्हणताय ते आमच्यासाठी गुरूच्या गुरूचं घर!

एक मात्र सांगते. व्हीलर गोष्ट रंगवून सांगण्यात वस्ताद. पूर्वेच्या दरवाजाशी त्याला सांगाडे मिळाले, एकाच्या मणक्यात लोखंडी बाण घुसलेला, तो आज डॉर्चेस्टरच्या म्युझियममध्ये आहे. त्याने लगेच चित्र उभं केलं, रोमन फौजा आल्या, कत्तल झाली, रात्रीतून घाईघाईने प्रेतं पुरली. वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढच्या लोकांनी तपासलं तर प्रेतं घाईत नाही, नीट रीतीने पुरलेली, सोबत मडकी वगैरे, आणि अलीकडच्या कार्बन तारखांनुसार ती माणसं एका दिवशी मेलेलीच नाहीत, काही दशकांत मिळून मेलीत. मारामारी होतीच, पण बहुतेक आपापसातली.

सह्याद्रीचा_नातू
म्हणजे भाऊबंदकी. आता मला हा गड आपला वाटायला लागलाय.

पेनिनपुत्र
+१०००

वडापाव_इन_वेल्स
रेकिन कोणीच सुचवला नाही? टेलफर्डजवळ, ४०७ मीटर, वर गड आहे. गोष्ट अशी की एका राक्षसाला श्रूजबरी गाव बुडवायचं होतं, फावडंभर माती घेऊन निघाला, वाटेत चांभार भेटला. राक्षस म्हणाला श्रूजबरी किती लांब? चांभाराने पोतंभर झिजलेले जोडे दाखवले, म्हणाला तिथून चालत येताना एवढे झिजले. राक्षसाने कंटाळून माती तिथेच टाकली, तोच रेकिन. आणि तिकडच्या बोलीत एखाद्याने लांबण लावली की 'रेकिनला वळसा घातला' म्हणतात. आपल्या भाषेत द्राविडी प्राणायाम.

ब्लॅकबेरी_जॅम
म्हणजे खंदकरावांचा पहिला प्रतिसाद.

खंदकराव
झेलला.

मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागा भरकटून त्याचा काश्मीर होईल. रेडिंगहून एका दिवसाचे. मुलासाठी अफिंग्टन: गडाच्या खालच्या उतारावर ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा, जवळजवळ ३००० वर्षांचा, खंदक खणून त्यात खडू कुटून भरलाय. गवत काढून नवा खडू कुटला नाही तर काही वर्षांत तो दिसेनासा होईल, म्हणून दर उन्हाळ्यात लोक हातोड्या घेऊन बसतात. इतक्या पिढ्या अंगण सारवावं तसं सारवत आल्यात. दगडच हवेत तर सॉल्झबरीचा ओल्ड सारम: बाहेरचा बांध लोहयुगातला, आत नॉर्मन किल्ल्याचे आणि जुन्या कॅथीड्रलचे अवशेष. गाव उठून गेलं तरी १८३२ पर्यंत तिथून दोन खासदार जायचे, मतदार बोटांवर मोजण्याएवढे. ती जागीर थॉमस पिटने, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, विकत घेतली होती. हिंदुस्थानातल्या व्यापाराच्या कमाईतून.

आणि बाबांसाठी डेनबरी, अँडोव्हरजवळ. चढ अगदी कमी. बॅरी कनलिफने तिथे १९६९ पासून १९८८ पर्यंत दर उन्हाळ्यात खणलं, वीस वर्षं. गोल झोपड्या, रस्ते, आणि खडूत खोदलेले धान्याचे खड्डे, हजारांनी. तोंड अरुंद, खाली पोट मोठं. धान्य भरायचं, वरून चिकणमातीने लिंपून बंद करायचं. कडेच्या ओल्या दाण्यांना मोड येतात, ते आतला प्राणवायू खाऊन टाकतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, मग ना कीड लागते ना बाकीचं धान्य उगवतं. पीटर रेनॉल्ड्सने बटसरच्या प्रायोगिक शेतावर असे खड्डे खणून, धान्य भरून हे सिद्ध करून दाखवलंय. वसंतात उघडलं तर पेरायला चालेल असं बी निघालं. गडावर आता खड्डे दिसत नाहीत, बुजवलेत, पण अँडोव्हरच्या म्युझियममध्ये सगळं मांडलंय.

मातीची_परीक्षा
डेनबरीला अनुमोदन. आणि खड्डा धान्यासाठी निकामी झाला की त्यात कधी जनावर, कधी माणूस पुरलेला सापडतो. तो आणखी वेगळा विषय.

ठाणे_टू_टेम्स
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. पण सांगण्यासारखं घडलंय.

खंदकरावांचा शेवटचा प्रतिसाद मी त्या रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवत होते. खड्ड्यांपाशी आले तर बाबांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, हे पेव आहे." मला पेव फक्त 'पेव फुटलं' मधलं माहीत. मग कळलं की बाबांचं बालपण हरिपूरचं, तिथे हळदीची पेवं असायची, जमिनीच्या पोटात. आजोबांचं एक पेव होतं. बाबा सांगत होते आणि हाताने आकार दाखवत होते, वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली खोली एवढं पोट. हळद भरली की तोंडावर फरशी, वर माती. वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. आणि मग म्हणाले, "उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी तास-तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर वर ओढायचा, अजून थांबायचं. एका गड्याने घाई केली होती." पुढे बोलले नाहीत. मी मुकाट्याने मोबाइलवर ती कार्बन डायऑक्साइडची ओळ पुन्हा दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचली त्यांनी.

मागच्या रविवारी डेनबरीला गेलो. आधी म्युझियम. तिथे बाबा ज्या तऱ्हेने त्या खड्ड्यांसमोर उभे होते, आसपासची दोन-तीन इंग्लिश माणसं थांबून ऐकायला लागली, नवरा भाषांतर करत होता. एका आजोबांनी विचारलं आत माणूस उतरायचा कसा, बाबांनी पाय भिंतीला टेकवून प्रात्यक्षिक दाखवलं, आईंनी डोळे वटारले. मग गडावर. बीचची मोठी झाडं, बांधावरून गोल वाट, पोरगा खंदकातून गोफण फिरवल्याचं नाटक करत पळतोय. बाबा ह्यावेळी दरवाजा कुठे विचारायच्या आधीच म्हणाले, "हा बघ वळला रस्ता, हा दरवाजा." दोन फेऱ्या मारल्या. गुडघ्यांचं नाव नाही.

एक शंका बाबांनी लिहायला सांगितलीय: ह्या लोकांकडे कंदील नव्हते, मग उतरायच्या आधी काय सोडत असतील?

मातीची_परीक्षा
वाचता वाचता उभी राहिले. बाबांना सांगा, खड्ड्यांवरची इतकी पानं वाचलीत पण आत उतरणाऱ्या माणसाचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

खंदकराव
जळती काडी किंवा चुडी सोडून बघत असतील हा माझा अंदाज, पुरावा शून्य. बाबांना डॉर्सेटला घेऊन या, मेडन कॅसल मी दाखवतो, जेवायला घरीच या. पश्चिमेच्या दरवाजाने शिरू.

सह्याद्रीचा_नातू
शब्द मागे घेतो. टाकं नसलं तरी पेव आहे. मी पण येतो.

चिखलदऱ्याची_सून
बूट!!

बार्बरीचा_आरोपी
नमस्कार, आजच सदस्य झालो. मी तो नवरा. पहिल्या दिवशीचे पराठे सगळ्यांनी त्याच गवतात बसून, दुसऱ्यांदा मागून खाल्ले होते एवढं नोंदवून ठेवावं.